रिकामे

मासा पाणी कधी पितो, ते कुणालाच कळत नाही म्हणतात.
काय खातो, ते मला कळतं.
सकाळी सहापासून तेच माझं काम.
केप मॅक्लिअरच्या वाळूत पत्र्याची शेड,
बोटभर सुरी, पांढरा ट्रे,
आणि एक सूक्ष्मदर्शक, ज्याचा डावा डोळा गेलाय.

होड्या लागतात. बायका भावावरून भांडतात.
दर टोपलीतले पाच मासे मत्स्यखात्याच्या नावानं
माझ्याकडे येतात.
अबिती मटोला रोज म्हणते,
सरकारचं पोट कधी फाडून बघणार रे?

उसिपाच्या पोटात धूळ.
काचेखाली धरली की धुळीला पाय फुटतात,
मिशा फुटतात, एकेकच लाल डोळा उघडतो.
मलावीचं एवढं समुद्रासारखं तळं
या चिमूटभर धुळीवर तगलंय.

म्बुनाच्या पोटात खडकावरचं शेवाळ,
मधे मधे वाळूचा कण.
पातेल्याच्या बुडाची खरवड
आम्ही भावंडं अशीच काढायचो, चमच्यानं, भांडत.

कालिगोनो तळाशी आडवा पडतो,
अंगावर सडल्यासारखे डाग.
पिल्लं टोचून बघायला येतात,
मेलेलं फुकटचं कोण सोडतो?
मग मेलेला उठतो.
मी लिहितो: लहान मासे, तीन.
फसवणुकीला वहीत रकाना नाही.

काही दिवस तळ्यावर काळा धूर उठतो.
पाहुणे विचारतात, होडी पेटली का?
ती न्खुंगू. गाळात अळी होऊन राहिलेली,
हजार तोंडांतून सुटलेली, आता पंख फुटून वर निघालेली.
वारा गावाकडे वळला की
आम्ही ओल्या टोपल्या हवेत फिरवतो,
चिकटलेलं थापून तव्यावर टाकतो.
चव थोडी गाळाची, थोडी कोळंबीची.
म्हणजे उद्या मला कुणी ट्रेवर आडवं केलं
तर शेरा तोच पडेल, जो माशांना पडतो.

पहिल्या वर्षी चांबोच्या अकरा माद्यांपुढे
मी ओळीनं लिहिलं: रिकामे. रिकामे. रिकामे.
साहेब म्हणाले, रोग असेल, लिलाँग्वेला कळवू.
अबिती मटोला दारात कंबरेवर हात ठेवून उभी.
म्हणाली, शिकलास ना तू?
मग आधी तोंड उघड तिचं.

काहींच्या तोंडात तीळ भिजत नाही.
हिच्या तोंडात तीनशे पिल्लं भिजत होती,
टाचणीच्या डोक्याएवढी, नुसते डोळेच.
एक घास गिळला तर लेकरंच गिळली जायची
म्हणून ती कितीतरी दिवस
काहीच गिळत नव्हती.
पोट बघत बसलो मी. तोंड भरलेलं होतं.

त्यातली काही ट्रेमध्ये अजून वळवळत होती.
मी ट्रे उचलला आणि पळालो,
गुडघाभर पाण्यात शिरून ओतली.
अबिती ओरडली, कुणाच्या भरवशावर सोडतोस?
मला उत्तर सुचलं नाही. पाणी स्वच्छ होतं,
खडकाशी काही सावल्या
अगदी निवांत हलत होत्या.

दुसऱ्या दिवशी एका काम्पांगोच्या पोटात
काळे ठिपके निघाले, जोडीजोडीनं.
कालचेच, असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही.
मी सुईनं वेगळे केले. मोजले. बेचाळीस.
वहीत लिहिले, तारीख घातली,
मग मागची पानं उलटून
त्या अकरा ओळींतला शब्द खोडला
आणि त्या जागी काय लिहावं ते न सुचून
तसंच ठेवलं.

दुपारी अबितीकडे जेवायला गेलो.
न्सिमा होती, आणि तळलेला चांबो.
भूक लागली होती.
काटे तेवढे बाजूला काढून ठेवले.